जन्माने मरण फिटते काय?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही पाटावर ठेवतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. त्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. दोन्हींच्या बेरजा करायच्या, लहान रक्कम मोठीतून वजा करायची आणि उरेल ती शिल्लक पुढच्या पानावर ओढायची. शिल्लक जमेकडे पडली म्हणजे वर्ष बरे गेले. पैशाच्या व्यवहाराला ही रीत अगदी योग्य आहे. एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो आणि गेलेल्या रुपयाचे सगळे काम आलेला रुपया करतो. आता हीच रीत कोणी माणसांना लावली तर? एखाद्या पेठेत वर्षभरात इतकी मुले जन्मली, इतकी माणसे वारली, वजाबाकी करता वस्ती वाढली. सबब सर्व ठीक आहे, असे म्हणता येईल काय?

प्रश्न असा उघड विचारला तर कोणीही सज्जन मनुष्य ‘छे, भलतेच!’ म्हणेल. तथापि एकोणिसाव्या शतकात विलायतेतील पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनी मनातल्या मनात याचे उत्तर ‘होय’ असेच दिले होते. आपणही वर्तमानपत्रातील लोकसंख्येचे आकडे वाचताना कित्येकदा नकळत तेच उत्तर देत असतो. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनचा एक गरीब विभाग घेऊन या प्रश्नाचा जरा स्वस्थपणे विचार करावा असे वाटते. त्या विभागाचे नाव बेथनल ग्रीन.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तत्पूर्वी ही नोंद चर्चच्या वह्यांत असे. म्हणजे जन्म नव्हे तर बाप्तिस्मा आणि मरण नव्हे तर दफन. नव्या कायद्याने धर्मपंथ कोणताही असो, माणूस आला आणि गेला एवढे सरकारी वहीत उतरू लागले. पुढे या वह्यांतून जे आकडे निघाले त्यांच्यामागे एका माणसाची चाळीस वर्षांची मेहनत आहे. विल्यम फार हा १८०७ साली श्रॉपशर परगण्यातील एका खेड्यात गरीब घरी जन्मला. गावातील एका वृद्ध सधन गृहस्थाच्या आधाराने तो शिकला, पॅरिसला जाऊन वैद्यक शिकून आला आणि १८३९ पासून लंडनच्या नोंदणी कचेरीत आकड्यांची तेरजे मांडत बसला.

या वहीच्या दोन्ही बाजू सारख्या काळजीने लिहिल्या जात नसत, ही गोष्ट आधीच लक्षात घेतली पाहिजे. प्रेत पुरायचे तर कागद लागे, त्यामुळे मरण सहसा सुटत नसे. जन्माची खबर आपण होऊन देण्याची सक्ती मात्र आईबापांवर १८७४ च्या कायद्यापर्यंत नव्हती. मृत जन्मलेल्या मुलाची तर जन्मात नाही आणि मृत्यूतही नाही अशी अवस्था होती. त्याची नोंद इंग्लंडमध्ये १९२७ साली सुरू झाली. म्हणजे बेथनल ग्रीनमध्ये एखादे मूल जन्माच्या वहीत न चढता मरणाच्या वहीत चढू शकत होते. सरकारला त्याची पहिली ओळख व्हायची ती ते गेल्यावर.

आता हा विभाग कसा होता ते पाहू. लंडनच्या पूर्वेस, जुन्या नगराच्या वेशीबाहेर हा भाग. येथे रेशमी कापड विणणाऱ्या कोष्ट्यांची वस्ती होती. मागावर उजेड पडावा म्हणून त्यांच्या घरांच्या वरच्या मजल्यांना लांबरुंद खिडक्या असत. यंत्रमागाने त्यांचा धंदा बसत चालला होता आणि १८६० साली फ्रान्सशी झालेल्या व्यापारी करारानंतर फ्रेंच रेशीम जकातीवाचून येऊ लागले, तेव्हा तो पार बुडाला. कोष्ट्यांच्या जागी सुतारकाम करणारे, जोडे शिवणारे, काडेपेट्यांची खोकी घरी बसून चिकटवणाऱ्या बायका आणि गोदीत रोजावर जाणारे लोक आले. १८४१ साली वस्ती ७४ हजारांच्या घरात होती, १८५१ साली ९० हजार झाली आणि १९०१ साली ती जवळजवळ १ लाख ३० हजारांवर गेली. हेक्टर गॅव्हिन नावाच्या डॉक्टराने १८४८ साली हा सगळा विभाग गल्लीगल्लीने पायाखाली घातला आणि जे दिसले ते पुस्तक करून छापले. तुंबलेली गटारे, दाराशी साचलेले उकिरडे आणि सगळ्या आळीत मिळून एक नळ, तोही ठराविक वारी थोडा वेळ वाहणारा. असे ते वर्णन आहे.

याच बेथनल ग्रीनविषयी त्याआधी सहा वर्षे, म्हणजे १८४२ साली, एडविन चॅडविक याने आपल्या गाजलेल्या अहवालात तीन आकडे दिले होते. तेथे मरण पावलेल्यांचे सरासरी वय सुखवस्तू लोकांत ४५, दुकानदारांत २६ आणि मजूर-कारागिरांत अवघे १६ वर्षे. रटलंड या खेडवळ परगण्यात हेच आकडे ५२, ४१ आणि ३८ असे होते. तिथला मजूर बेथनल ग्रीनच्या दुकानदारापेक्षा वरचढ! चॅडविकच्या या कोष्टकाने इंग्लंड हादरले. घाण, गटार आणि पाणी यांचा आयुष्याशी असलेला संबंध प्रथमच लोकांच्या डोळ्यांपुढे आला.

परंतु या सोळा वर्षांच्या आकड्यात एक खोच होती. नीसन नावाच्या विमागणितज्ञाने १८४४ साली ती दाखवून दिली. शाळेत सरासरीची गणिते घालणाऱ्या माणसाला ती सहज समजावून सांगता येते. दोन काल्पनिक गावे घ्या. दोन्ही गावांत दर दहा मुलांत वर्षाला एक मूल मरते, वय २ वर्षे. दर दहा म्हाताऱ्यांत एक म्हातारा मरतो, वय ७०. पहिल्या गावात दहा मुले आणि दहा म्हातारे आहेत. मेले दोघे, सरासरी वय ३६. दुसऱ्या गावात जन्म पुष्कळ, म्हणून मुले तीस आणि म्हातारे दहा. मेली तीन मुले आणि एक म्हातारा. सरासरी वय १९. मरणाचा धोका दोन्ही गावांत तंतोतंत सारखा, तरी सरासरी ३६ वरून १९ वर आली. म्हणजे मृतांचे सरासरी वय हे आरोग्याचे शुद्ध माप नाही. गावात पाळणे किती हलतात, यावरही ते अवलंबून असते.

नीसनचे गणित बरोबर होते. बेथनल ग्रीनचा मजूर सोळाव्या वर्षी मरत होता, असे कोणी समजेल तर ते चूक. सोळा हे बहुधा फारच थोड्यांचे मरणाचे वय असेल. पाळण्यातली मुले आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसे एकत्र मोजली म्हणजे बेरजेचा काटा मध्येच कुठेतरी येऊन थांबतो, तो तिथे थांबला होता. गणिताची चूक अशी दुरुस्त झाली म्हणून काही लोकांना हायसे वाटले. जणू गरिबांची मुले जास्त, एवढेच काय ते गुपित होते! पण काट्याला खाली ओढणारी ती मुले कल्पनेतली नव्हती. ती खरोखरच जन्मली होती आणि खरोखरच गेली होती. सरासरी चुकली होती हे खरे. मृत्यू एकही चुकीचा नव्हता.

येथूनच आपला मूळ प्रश्न उभा राहतो. जन्म पुष्कळ होतात तेथे मरणही पुष्कळ असते, हे त्या काळी सर्वांना दिसत होते. वस्ती तर कमी होत नव्हती. उलट दर शिरगणतीला वाढत होती. माल्थसचा ग्रंथ १७९८ सालचा. पुढे हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत असे, आणि आपल्याकडे कलेक्टर होऊन आलेले कित्येक गोरे तरुण त्याच्या हाताखालून गेलेले होते. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, आणि रोगराई व उपासमार ती वाढ रोखून धरतात, ही त्याची मांडणी. स्वतः माल्थस निर्दय मनुष्य नव्हता, पण त्याच्या विचारातून सामान्य सुखवस्तू मनाने एक सोयीचा अर्थ काढला. एक मूल गेले तर दुसरे येते. एका रोगाने वाचवले तर दुसऱ्याने न्यायचेच. मग गटारासाठी कर का भरावा?

या युक्तिवादाला पहिले उत्तर खुद्द निसर्गाच्या रीतीतच आहे. अंगावर पिणारे मूल असते तोवर आईला पुन्हा दिवस जाण्याचा संभव कमी असतो. ते मूल दगावले की दूध तुटते आणि पुढचे बाळंतपण लवकर येते. म्हणजे गरीब वस्तीतील जन्माच्या आकड्यात मरणाच्या आकड्याचाच काही अंश मिसळलेला असतो. ज्या जन्माला आपण भरपाई म्हणतो, तो पुष्कळदा आधीच्या मरणामुळे आलेला असतो. आणि ही भरपाई कोणाच्या अंगातून होते? त्या काळी इंग्लंडात दर हजार बाळंतपणांमागे चार-पाच बायका दगावत. पाच धरल्या आणि एकेका बाईला आठ बाळंतपणे धरली तर हजारी चाळीस, म्हणजे पंचवीस बायकांत एक, असा ढोबळ हिशेब होतो. जमेच्या बाजूला लिहिलेल्या प्रत्येक जन्मापाठीमागे ही जोखीम एका बाईने उचललेली असते. वहीत तिला रकाना नाही.

दुसरे उत्तर आईबापांच्या वागण्यात आहे. पुष्कळ मुले असणाऱ्या गरिबाला एखादे गेल्याचे विशेष वाटत नाही, हे वाक्य त्या काळी विलायतेत बोलले जाई आणि आपल्याकडेही ऐकू येते. बेथनल ग्रीनसारख्या वस्त्यांत दफनाचे क्लब असत. आठवड्याला पेनी, अर्धी पेनी भरायची आणि घरात मृत्यू झाला की क्रियाकर्मापुरती रक्कम मिळायची. मुलांच्या नावानेही पैसे भरले जात, तेही अर्धपोटी घरांतून. कारण एकच, आपले लेकरू पॅरिशच्या खर्चाने, भिकाऱ्यांच्या खड्ड्यात जाऊ नये. यावरही त्या वेळच्या काही सभ्य गृहस्थांनी संशय घेतला, की पैशाच्या लोभाने आया मुलांची हेळसांड करीत असतील. क्वचित कुठे तसे घडलेही असेल. पण लाखो कुटुंबे वर्षानुवर्षे जी पेनी भरीत होती, तिचा साधा सरळ अर्थ असा, की जे मूल गेले त्याच्या जागी दुसरे मूल येऊन बसत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आयांना दोष देण्याची सवय मात्र लवकर सुटली नाही. साऱ्या देशाचा मृत्युदर १८७० नंतर हळूहळू उतरू लागला. परंतु वर्षाच्या आत मरणाऱ्या मुलांचे प्रमाण हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपासच राहिले, ते थेट शतक संपेपर्यंत. १८९९ साली तर ते १६३ होते. मग लोक म्हणू लागले की आया अडाणी आहेत, कामाला जातात, मुलाला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजून निजवतात. हे औषध म्हणजे पाकात कालवलेली अफू; आपल्या गिरणगावात पूर्वी चालणाऱ्या बाळगोळीची थोरली बहीण. ते वाईट होते यात वाद नाही. पण आई कामाला न जाती तर भाडे कोण देते, आणि बाटलीत घालायचे दूध गाव ओलांडून उन्हात येईतो नासलेले असे, त्याला तिने काय करावे? १८९९ साली सेंट हेलेन्स या गावाने मुलांसाठी निर्जंतुक दुधाचे पहिले केंद्र काढले. लंडनसह इतर शहरांनी तोच मार्ग धरला, सुधारलेल्या मोऱ्या आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका आल्या, कुटुंबे लहान होऊ लागली, मुलींना शाळा मिळाली. १९१० च्या सुमारास तेच प्रमाण हजारी शंभरापर्यंत खाली आले. दहा वर्षांत मातांच्या काळजात काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो त्यांच्या हाती आलेल्या साधनांत.

फारचे मोठेपण मला दिसते ते येथे. त्याने दोष कोणाच्या माथी मारण्याऐवजी एक प्रश्न नीट मांडला. इंग्लंडातच असे साठाहून अधिक विभाग होते, बहुतेक खेडवळ, जेथे मृत्युदर हजारी १७ किंवा त्याहून कमी होता. तेथील माणसे काही देवदूत नव्हती. तीही म्हातारी होत, आजारी पडत. फार म्हणाला, १७ पर्यंतचे मरण आपण तूर्त निसर्गाच्या नावे लिहू. त्याच्या वरचे प्रत्येक मरण टाळता येण्यासारखे आहे, कारण याच देशात, याच हवेत ते टळलेले दिसते. पूर्वी ‘देवाची इच्छा’ या दोन शब्दांत मावणारी गोष्ट त्याने दोन भागांत तोडली. एक भाग सोसायचा आणि दुसरा कोणाला तरी जाब विचारायचा.

१८४८ साली पार्लमेंटने आरोग्याचा कायदा केला. त्यात लंडन वगळून बाकीच्या गावांसाठी अशी तरतूद होती, की सात वर्षांचा सरासरी मृत्युदर हजारी २३ च्या वर गेला तर लोकांनी मागणी केली नसली तरी सरकारला तेथे आरोग्यमंडळ बसवता येईल. लंडनला हा कायदा लागू नव्हता. पण १७ आणि २३ यांतील अंतर म्हणजे काय ते कळावे म्हणून बेथनल ग्रीनएवढी, ९० हजारांची वस्ती घेऊ. २३ च्या दराने वर्षाला २,०७० मृत्यू, १७ च्या दराने १,५३०. मधला फरक ५४०. म्हणजे टाळता येण्यासारखी ५४० मरणे दरसाल झाली, तरी कायद्याला आपण होऊन हात उचलण्याची गरज भासायची नाही. हे क्रौर्य होते असे मी म्हणत नाही. त्या काळाच्या मानाने तो धाडसी कायदा होता. परंतु प्रत्येक समाज आपल्या मनात असा एक आकडा धरून असतो, ज्याच्या आतली मरणे त्याला टोचत नाहीत. फारने तो आकडा कागदावर आणला, म्हणून त्याबद्दल भांडता येऊ लागले.

या वहीत शब्दांवरूनही भांडण झाले होते. प्रारंभीच्या अहवालात फारने काही मृत्यूंचे कारण उपासमार असे दिले. गरिबांच्या कायद्याचे काम पाहणाऱ्या मंडळाचा चिटणीस तेव्हा चॅडविकच होता. इंग्लंडात, आपल्या कारभारात, माणूस भुकेने मरतो ही नोंद त्याला मान्य होईना. फारचे म्हणणे असे, की भूक वहीत दिसते त्याहून कितीतरी जास्त माणसे मारते, फक्त ती रोगाचे रूप घेऊन येते. त्याच चॅडविकने पुढे तीन वर्षांत गटारांसाठी देश हलवला, हे विसरून चालणार नाही. घाणीने मेलेला माणूस त्याला दिसला, भुकेने मेलेला दिसला नाही. कारण दुसऱ्याचा जाब त्याच्याच कचेरीला द्यावा लागला असता.

स्वतः फारला आपल्याच आकड्यांपुढे मान तुकवावी लागली ती कॉलऱ्याच्या बाबतीत. १८४९ च्या साथीनंतर त्याने सिद्धांत मांडला होता की नदीकाठच्या सखल जागेतील दूषित हवा कॉलरा पसरवते. डॉ. जॉन स्नो पाण्याकडे बोट दाखवीत होता. १८६६ साली साथ पुन्हा आली आणि लंडनमध्ये पाच हजारांहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक पूर्व भागात. बेथनल ग्रीन त्यातच. दर आठवड्याच्या मृत्यूंचे विभागवार आकडे समोर ठेवताच फारला दिसले, की जेथे मरण आहे तेथे एकाच पाणीपुरवठा कंपनीचे पाणी आहे. न गाळलेला थेंबही आम्ही दिला नाही, असे कंपनीचा इंजिनिअर वर्तमानपत्रातून सांगत होता. आणि तिकडे लोकांच्या नळांतून ईल मासे निघत होते. शेवटी कंपनीच्या उघड्या तलावातले पाणी नळांत सोडले गेल्याचे चौकशीत उघड झाले. फारने आपले जुने मत बाजूला ठेवले. मरणाची वही प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला ती अशी बदलते.

जन्माच्या रकान्याविषयीही असेच म्हणावे लागेल. १८७६ साली इंग्लंडचा जन्मदर हजारी ३६ होता, १९०१ साली तो २८ वर आला. मध्ये १८७७ साल येते. चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी संततिनियमनावरील एक जुने पुस्तक पुन्हा छापले म्हणून त्या वर्षी त्यांच्यावर खटला झाला. शिक्षा अपिलात सुटली, पण त्यापायी बेझंटबाईंना आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागला. पुढे थिऑसॉफीकडे वळल्यावर त्यांनी तो प्रचार सोडला, आणि आपण त्यांना ओळखतो ते होमरूलच्या ॲनी बेझंट म्हणून. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी हेच काम १९२१ पासून मुंबईत केले आणि त्यांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. आकड्यांचे पंडित जन्म जास्त की कमी यावर वाद घालीत राहिले. या मंडळींनी वेगळाच प्रश्न विचारला, की ज्या बाईला मूल व्हायचे तिला यात काही विचारले आहे काय? जन्मदर वाढला म्हणून राष्ट्र बलवान आणि घटला म्हणून राष्ट्र शहाणे, या दोन्ही बोलण्यांत ती बाई गैरहजरच असते.

आता या कथेतील सर्वांत अवघड भाग. बेथनल ग्रीनच्या पश्चिम टोकाला ओल्ड निकल नावाची वस्ती होती. सुमारे पंधरा एकरांत ५,७१९ माणसे. तेथील मृत्युदर हजारी चाळीसच्या घरात, म्हणजे सबंध बेथनल ग्रीनच्या जवळजवळ दुप्पट. फारच्या १७ शी ताडून पाहिले तर या एवढ्याशा वस्तीत वर्षाला सव्वाशेहून अधिक मरणे अधिकची होती. १८८९ साली लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झाले आणि त्याने ही वस्ती समूळ पाडून तेथे नव्या, हवेशीर इमारती बांधण्याचे ठरवले. १९०० साली युवराजाच्या हस्ते उद्घाटन झाले. मध्ये गोल चौक, त्यावरून सर्व बाजूंना फुटलेले रस्ते, लाल विटांची भक्कम घरे. त्या इमारती आजही उभ्या आहेत आणि त्या खरोखर सुंदर आहेत. गल्लीतला मृत्युदर घसरला. कोष्टकात पाहिले तर याहून स्वच्छ यश सापडायचे नाही.

फक्त जुन्या ५,७१९ माणसांपैकी नव्या घरांत राहायला आली ती अवघी अकरा. भाडे बाकीच्यांना झेपण्यासारखे नव्हते. नव्या घरांत बऱ्या पगाराचे कारागीर, कारकून, पोलीस असे लोक आले आणि जुने लोक आपापली बोचकी घेऊन आजूबाजूच्या आधीच तुंबलेल्या गल्ल्यांत शिरले. त्यांचे मरण त्यांच्याबरोबर गेले आणि दुसऱ्या गल्लीच्या खात्यावर चढले. दर हा जागेचा असतो, माणसांचा नसतो; म्हणून माणसे हलवली तरी तो उतरतो. आपल्या मुंबईने हाच धडा लगोलग गिरवला. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली विलायतेच्या धर्तीवर मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, नागपाड्यातील दाट वस्ती पाडली गेली. पाडण्याचा वेग बांधण्याहून जास्त ठरला आणि उठलेली माणसे शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली.

मग काय, आकडे टाकून द्यावेत? गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला असे म्हणण्याचा मोह होतो. आमचा व्यवहार एका माणसाशी, आकडेवाल्याचा हजारांशी. तेव्हा आम्ही दयाळू आणि तो कोरडा, असे आम्ही समजतो. ओल्ड निकलवर आर्थर मॉरिसनने १८९६ साली एक प्रसिद्ध कादंबरी लिहिली, तीतला पोरगा वाचकांच्या मनात राहिला. पण हेही खरे, की एका पोराची गोष्ट वाचून डोळे पुसणारा वाचक त्याला बिचाऱ्याचे नशीब म्हणून मोकळा होऊ शकतो. हजारी चाळीस या आकड्यापुढे नशीब हा शब्द टिकत नाही. एका गल्लीतील माणसांचे नशीब वाईट आणि पलीकडच्या गल्लीतील माणसांचे चांगले, असे वर्षानुवर्षे ठरल्यासारखे कसे होईल? तेव्हा आकडा हवा, आणि तो नेटका हवा. आपली जबाबदारी आपल्याला दाखवील असे दुसरे साधन हाती नाही.

मात्र आकडा वाचताना काही पथ्ये पाळली पाहिजेत असे वाटते. जन्माची आणि मरणाची बाजू एकमेकींतून वजा करायची नाही. त्या दोन वेगळ्या वह्या आहेत. मरणाच्या वहीला विचारायचे, की यातली किती मरणे शेजारच्या सुखवस्तू आळीत टळली असती? जन्माच्या वहीला विचारायचे, की यातली किती बाळंतपणे त्या त्या आईच्या मर्जीची होती? आणि दर उतरला असे कोणी सांगू लागला की त्याला नम्रपणे विचारायचे, ‘उतरला तो कोणासाठी? काल जी माणसे इथे होती, ती आज कुठे आहेत?’

बेथनल ग्रीनमध्ये १८७२ सालापासून एक वस्तुसंग्रहालय आहे. पुढे ते मुलांच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली नव्या रूपात मुलांसाठीच पुन्हा उघडले. इंग्लंडात आज हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुले चारच्या आसपास आहेत. १८९९ साली ती १६३ होती. या दोन आकड्यांमधली मुले शाळेत गेली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, ती म्हातारी होऊन वारली. ती कोण, हे कोणालाच सांगता यायचे नाही, कारण न झालेल्या मरणाची नोंद कोणत्याच वहीत नसते. ज्या गोलाकार चौकात ओल्ड निकलच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच्या मधोमध बागेची एक टेकडी आहे आणि तिच्यावर बँडवाल्यांसाठी एक छत्री. पाडलेल्या घरांचे दगडमातीचे ढीग हलवायचे कुठे म्हणून त्यांचीच ती टेकडी केली. झाडांच्या सावलीत लोक तेथे येऊन बसतात. त्यांनी सुखाने बसावे. त्या मातीच्या वर ज्यांची घरे होती, त्यांची किंमत शेजारच्या सुंदर इमारतींनी चुकती झाली, एवढे मात्र कोणी म्हणू नये.